कुसुमाच्या झाडाचा सवाल

"हॅलो?... हौ, आम्रपालीच्या घरूनच. जयभीम. कोण बोलते?"

सकाळपासून तुळसाबाईला फोन खाली ठेवायची सोय नव्हती. काल तिची आम्रपाली टीव्हीवरच्या त्या प्रश्नांच्या मोठ्या कार्यक्रमात झळकली होती. दहा सवाल बरोबर, अकराव्याला खेळ सोडला. अख्खं बालाघाट फोन करत होतं. पण हा आवाज तिनं लगेच ओळखला. लांजीची थोरली बहीण, मैनाबाई. सात वर्षांनी.

"बाई?... तू?... हौ, ऐकू येऊन राह्यलं... काय कुसुम?... अवो, हळू बोल ना!... हौ, तोच अकरावा सवाल. बांगड्याची लाख कोणत्या झाडावर होते... कुसुम, हौ बाई, कुसुम! तुझ्या परसातच झाड हाय, मले मालूम नाई का?... पोरीले नाई आठवलं. ते सवाल विचारणारे सायब समोर बसले का हातपाय गार पडते म्हणे. पाणी देल्लं तिले त्याईनं... हौ वो, आपल्या हातानं!... मदतीचा फोन? कॉलेजच्या सरले लावला... त्याईले काय मालूम! सागवान म्हणे, पक्कं नाई म्हणे... तुले?... तुले काहून नाई लावला?..."

बाहेर शेजारणी पेढे वाटत होत्या. तुळसाबाईनं उठून दार लोटलं.

"ऐक... मदतीच्या फोनसाठी पोरीनं तुझंच नाव लिहलं होतं. म्या खोडाले लावलं... हौ, म्याच... काहून म्हणजे? कोण्या तोंडानं तुले सांगू, पोरीचा फोन येईन म्हणून? माह्या राजेंद्रच्या लग्नात भर मांडवात म्या तुले... नाई, बोलू दे मले. 'तुले लेकरू नाई, तुले काय कळते' म्हणलं म्या. अन् काल सायबानं विचारलं, आपको किसने पढ़ाया, तं पोरगी म्हणते, मेरी दो माँ हैं. एक बालाघाटले, एक लांजीले. पाच वर्सं मोठ्या आईपाशी राहून शिकली म्हणे... आयकलं तू?... तीनदा? मोबाइलवर?... मी कुठं रडून राह्यली? तूच रडतं... चुकलं माह्यं, बाई. लय चुकलं."

तुळसाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"हॅलो?... बाई?... हासून काहून राह्यली?... हौ, खोडलं नसतं तं जितली असती पोरगी! मार मले आता. ये अन् मार. उद्याच्या बसनं ये... आँ? तू हाय कुठं?... बालाघाटले? बस-स्टँडवर?... घंटाभर झाला? अन् आता फोन करतं!... येऊ का म्हणून काय विचारतं वो! तितंच थांब, हलू नको. आम्रपाली! स्कुटी काढ, मोठी आई आली!... नाई बाई, फोन नाई ठेवत. सात वर्सं ठेवूनच होता ना..."

तुळसाबाई अनवाणीच मागं बसली. एका हातानं पोरीचा खांदा धरला, दुसऱ्या हातात फोन.

"हॅलो... हौ, निघालो... निळी साडी? बरं, निळी... अवो, गल्लीतून तं निघू दे... काय म्हणतं?... हॅलो? गाडीच्या आवाजात आयकू नाई येऊन राह्यलं... बरं, ठेवतो मग. समोर बसून भांड माह्यासंग."