वाकड्या दाराची सरळ कडी

कडी हो, कडी! साधी, लोखंडी, दाराला आतून लावायची कडी! मी काय सोन्याचा नळ मागत होते? संगमरवरी टब मागत होते? आतून बंद होणारं एक दार, एवढंच ना... तर नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला विचारलं, की तुझ्या आत्याचं नाक कापू या का! "कडी?" म्हणाला. "अगं, गेल्या शंभर वर्षांत तिथे कडी नव्हती!" म्हटलं, मग शंभर वर्षं माणसं आत जाऊन करत काय होती? तर म्हणतो, आणि छाती फुगवून म्हणतो हं, "गात होती!"

गात होती! तुम्हाला सांगते, मी तिथल्या तिथे मटकन खाली बसले, आणि बसले ती नेमकी मोडक्या पायरीवर. ती पायरी का मोडकी, तेही सांगते. थांबा, मुळापासूनच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली बाई, आणि सुरुवात संडासापासून करते!

तर ही जागा आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. त्यांच्या वडिलांनी तळ्याकाठी, झाडीत, लाकडी खोल्या बांधून मुलांसाठी उन्हाळी कॅम्प काढला होता. शहरातली पोरं यायची, पोहायची, झाडावर चढायची, गुडघे फोडून घेऊन घरी जायची, आणि म्हणे जन्मभर आठवण काढायची. पुढे आत्याबाईंनी चालवला, मग त्यांचे गुडघे गेले, कॅम्प बंद पडला, खोल्यांवर वेली चढल्या. आमच्या नवऱ्याचं सगळं बालपण तिथलं. एक दिवस ऑफिसातून आला तो नोकरी सोडूनच आला. "आपण कॅम्प पुन्हा सुरू करतोय." मी पोळपाट-लाटणं हातात... नाही नाही, मारायला नव्हतं घेतलं, धूत होते! मी म्हणजे कोण? मुलीला झोपाळ्यावर बसवताना दोन्ही हातांनी झोपाळाच धरून ठेवणारी बाई! तो हलूच देत नाही मी! आणि मी चालवणार कॅम्प? परक्यांच्या पोरांना तळ्यात सोडणार?

आत्याबाईंनी अट घातली. काठी आपटत म्हणाल्या, "एक उन्हाळा देते. चालवून दाखवा. शेवटच्या दिवशी मी येऊन बघीन. सगळं जसंच्या तसं पाहिजे. नसलं, तर खोल्या पाडून झाडं लावीन. पण माझ्या बापाच्या जागेचं हॉटेल नाही होऊ देणार!"

जसंच्या तसं! एवढाच एक शब्द, पण आमच्या नवऱ्याने तो असा काही मनावर घेतला म्हणून सांगू! तुम्ही-आम्ही काय समजू? जुनं नीट दुरुस्त करायचं. हा काय समजला? जुनं जसं मोडलं होतं, तसंच मोडकं पुन्हा बांधायचं! तिसरी पायरी मोडलेली होती ना, कुजलेली काढून नवी घातली आणि सुताराला म्हणाला, "आता हिचा डावा कोपरा तोडा." सुतार माझ्याकडे बघतोय, मी सुताराकडे! एका खोलीतली फळी पाय पडला की करकरायची. नवी बसवली, ती बिचारी गुणी, करकरेना. तर उपटली, पुन्हा बसवली, पुन्हा उपटली... शेवटी एकदाची करकरली, तेव्हा नवऱ्याने सुताराला मिठी मारली! दारं वाकडी होती, त्यांचा वाकडेपणा ओळंबा लावून मोजला आणि खिळखिळ्या चौकटी तेवढ्याच वाकड्या घट्ट केल्या! अहो, लोक ओळंबा लावतात तो सरळ करायला, की वाकडं टिकवायला?

बरं, मी विरोध करावा, तर माझंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही. खिडक्यांचा जुना रंग खरवडता खरवडता हाताला घट्टे पडले, काचा पुसल्या, वेली ओढून काढल्या, आणि एक दिवस सकाळी तळ्यावरून वारा आला, सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या, आणि मी आपली वेड्यासारखी रडायला लागले. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून आत्याबाईंचं ते "पाडीन" माझीच झोप उडवायला लागलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी कॅम्प होईल याची भीती, मग जाईल याची!

पण कडी! तुम्हीच सांगा, कडी मागणं हा गुन्हा आहे का?

खोल्यांच्या मागे ओळीने चार संडास. मी बाथरूम, बाथरूम म्हणायचे, तर आत्याबाई म्हणाल्या, "संडास म्हण की, लाजतेस काय, तू नाही का जात?" तर चार संडास, आणि एकालाही कडी नाही. नियम असा, की आत गेलेल्याने मोठ्याने गायचं. गाणं चालू, म्हणजे आत माणूस. गाणं बंद, म्हणजे रिकामं, बेलाशक दार लोटा. पहिल्या दिवशी पालक मुलांना सोडायला आले, त्यांना हे मी समजावून सांगतेय... मी! एक आई गॉगल डोक्यावर ढकलत म्हणाली, "आमचा तर गात नाही. तो कराटे शिकतो." म्हटलं, कराटे ओरडू दे! दुसरी म्हणाली, "आणि तळ्यात काही... म्हणजे साप वगैरे?" आणि मी, जिला नळीत पाणी खळखळलं तरी साप वाटतो ती मी, हसून म्हणतेय, "छे हो, काही होत नाही, मुलं आहेत, रमतात!" आतून माझं धाबं दणाणलेलं, आणि बाहेर मी ठार निर्धास्त बाई! मला तर वाटतं, जगातल्या सगळ्या निर्धास्त बायका आतून अशाच असतील.

आणि मग सुरू झालं गायन! सकाळी उठावं तर चारही दारांआडून चार सूर! एकाला गाणी येत नव्हती, तो पाढे म्हणायचा. सतरा साते एकशे एकोणीस, सतरा आठे... आणि अडला! आठवेचना! शांतता. झालं, बाहेरच्याने दार लोटलं! आतून किंकाळी, बाहेरून किंकाळी, आणि मी हातात दात घासण्याचा ब्रश घेऊन धावतेय आणि ओरडतेय, "एकशे छत्तीस! अरे, एकशे छत्तीस!"

पण खरा घोर मला माझ्या चिमणीचा. चिमणी म्हणजे आमची मुलगी, पहिलीतली, घरात पोपट आणि बाहेर दगड. चारचौघांत गाणार ती? मेली तरी नाही! सकाळपासून पाय आवळून बसायची, पोट दुखायचं, डोळ्यांत पाणी, पण गाणं नाही. मग काय करणार? मी बाहेर उभी राहून तिच्या वतीने गायचे! माझा आवाज म्हणजे... लग्नाआधी नवऱ्याने ऐकला असता, तर हा सगळा प्रश्नच आला नसता. मी गायला लागले की पोरं म्हणायची, "चिमणी आत आहे, चिमणीची आई वाजतेय!" वाजतेय! जशी काही मी घंटाच!

नवऱ्याला म्हटलं, अरे, एका दाराला तरी बसव. पोरीसाठी. तर डोळे मिटून म्हणतो, "जसंच्या तसं गं... आत्याला कळलं तर?" अरे, तुझी पोर फुटेल त्याचं काय!

मग उजाडला शेवटचा दिवस. आत्याबाई येणार. मी म्हटलं, आज मी त्यांच्या मागे-मागे फिरणार, चिमणीसाठी गाणार कोण? तेवढ्यात सुतार आला, बाकाचा पाय बसवायला. नवरा मुलांना घेऊन तळ्यावर गेलेला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चोरासारखं कुजबुजले, "कडी बसवाल का? शेवटच्या दाराला?" सुतार म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच ना, मॅडम!" पिशवीतून कडी काढली, ठोकली, आणि मला दाखवली: "ही बघा, लागते... उघडते... लागते... उघडते! लोण्यासारखी!" मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. त्याने ही सगळी प्रात्यक्षिकं दार उघडं ठेवून केली होती! वाकडं दार वाकड्या चौकटीत बसल्यावर ही सरळ कडी काय करेल, ते बघितलंच नाही कुणी!

आत्याबाई आल्या. काठी टेकत सगळीकडे फिरल्या. मोडकी पायरी बघितली, "हं." करकरणाऱ्या फळीवर दोनदा पाय दिला, "हं." त्या "हं"चा अर्थ काय? पसंत? नापसंत? नवरा घामाने निथळतोय, मला तर पुढचं दिसतच होतं, खोल्या पाडल्यात, खिडक्यांचा ढीग पडलाय... आणि आत्याबाई म्हणाल्या, "आलेच मी जाऊन." आणि गेल्या. कुठे? शेवटच्या दाराला! "हा माझा नेहमीचा!"

हाक मारावी तर काय म्हणून मारू? आणि हाताशी कडी दिसली की माणूस लावतोच, त्यात विचार कसला! खट्ट. मी तो आवाज ऐकला.

आतून गाणं सुरू झालं. जुनं, ठेक्याचं. मुलं गोळा झाली. नवऱ्याचे डोळे भरून आले. "हीच ती आत्या! लहानपणी हाच आवाज ऐकलाय मी!" थोड्या वेळाने गाणं चढलं. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला! आणखी चढलं. मग शब्द बदलले, चाल तीच... "उघडा रे, कुणी तरी उघडा रे..." आणि पोरांनी कोरस धरला, "उघडा रे, उघडा रे!" नवरा म्हणतोय, "आध्यात्मिक आहे. अंतरीच्या दाराबद्दल आहे." आतून काठीचे ठोके पडताहेत, तर हा म्हणतो, "बघ, ताल कसा पक्का!" एवढ्यात चिमणीने माझा पदर... पदर कसला, टी-शर्ट ओढला. "आई, त्या गाण्यात 'गाढवांनो' असं आहे."

मी धावले! दार ढकललं, लाथ घातली, हलेना. सुताराला म्हटलं, फोडा! त्याने पहार उचलली, तर नवरा दोन्ही हात पसरून दारापुढे उभा! "हात लावू नका! त्या काळचं दार आहे ते!"

आतून आवाज आला, "अरे मेल्या, त्या काळची मी आहे आत!"

तरी ऐकेल तर शपथ! बिजागऱ्या एकेक करून सोडवायला बसला, प्रत्येक स्क्रू रुमालात ठेवतोय! आणि मधेच आतलं सगळं थांबलं. गाणं नाही, काठी नाही, काही नाही. म्हातारं माणूस, घुसमट, काय झालं असेल? आणि रांगेतली एक चिमुरडी पुढे झाली, "आजींचं झालं वाटतं," म्हणून दार लोटायला! नियम म्हणजे नियम! मी "आत्याबाई! आत्याबाई!" करून ओरडतेय, तर आतून शांतपणे उत्तर आलं, "ओरडू नकोस. बसलेय मी. करू दे त्याला सावकाश."

दार निघालं. आत्याबाई काठी टेकत बाहेर आल्या. "कडी कुणी बसवली?"

नवरा आभाळाकडे बघायला लागला. सुतार बाकाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी." आवाज उंदराचा. मनात म्हटलं, संपलं. गेला कॅम्प. एका कडीपायी गेला!

आत्याबाईंनी काठी चिमणीकडे केली. मग हळूच म्हणाल्या, "या पोरीएवढी होते, तेव्हापासून त्या दाराआड गातेय गं मी. कुणी लोटेल, कुणी लोटेल, म्हणून जीव मुठीत धरून. आज शेवटी दमून गप्प बसले... आणि कुणी आत येऊ शकलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

नवरा म्हणतोय, "पण आत्या, जसंच्या तसं..." "तू गप्प रे! संडासाला कसला आलाय इतिहास! कॅम्प राहील. पुढच्या उन्हाळ्यात भरवा. बाकीच्या तीन दारांना मात्र काही लावू नका, पोरांचे गळे मोकळे होतात. आणि हे दार पुन्हा बसवा, कडी घासून घ्या. मी इथेच राहायला येतेय."

मी आनंदाने त्यांच्या गळ्यातच पडले हो! शेवटचं वाक्य कानात शिरायला जरा वेळ लागला, एवढंच.

तर आता हा दुसरा उन्हाळा. कॅम्प भरलाय, खोल्या भरल्यात, चिमणी खूश, कडी लोण्यासारखी चालते. फक्त रोज सकाळी आत्याबाई वर्तमानपत्र आणि चष्मा घेऊन शेवटच्या दाराआड जातात, कडी लावतात, आणि बाहेर येत नाहीत. चिमणीला तेच दार हवं, अर्ध्या पोरांना तेच हवं, खरं सांगायचं तर मलाही तेच हवं. म्हणून खांद्यावर टॉवेल टाकून आम्ही सगळे रांगेत उभे असतो, आणि पूर्वी आतला माणूस गायचा बाहेरच्याला कळावं म्हणून, तसे आता बाहेरचे आम्ही गातो, आतल्या माणसाला दया यावी म्हणून. आणि आतून काय येतं, सांगू? पान उलटल्याचा आवाज, आणि मग, "चिमणीची आई बेसूर होतेय. पुन्हा पहिल्यापासून घ्या!"

घेतो. न घेऊन सांगता कुणाला?