तक्त्यावरचे एकावन्न तारे

नाही मॅडम, मला तो तक्ता आजही पटलेला नाही, आणि आज तुमचा निरोप समारंभ आहे म्हणून मी ते गिळणार नाही. पण आधी रीत.

सन्माननीय अध्यक्ष मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरची मोठी माणसं, सत्कारमूर्ती मॅडम, आणि समोर बसलेले बाटली कारखान्यातले माझे सगळे काका-मावश्या, नमस्कार. मी कामाला इतका लांब आहे की यायला रजा पुरत नाही. म्हणून लिहून पाठवलंय, वॉचमनकाका वाचतायत. काका, चष्मा लावा. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा शुद्धलेखन तुम्हीच सांभाळा.

पाहुण्यांना मॅडमचं काम सांगतो. चांगलं काम करणाऱ्याचं नाव चारचौघांत घेणं, एवढंच. तीस वर्षं. कुणाचा वाढदिवस, कुणाची मुलगी पास झाली, सगळं तोंडपाठ. पगाराची पावती सोडली तर कामगाराचं नाव कुठे लिहिलं जातं हो? मॅडमनी ते कॅन्टीनच्या भिंतीवर लिहिलं.

त्याच भिंतीवर हजेरीचा तक्ता होता. आठवडाभर खाडा नाही, की सोमवारी नावापुढे सोनेरी तारा. बावन्न झाले की स्टेजवर सत्कार. माझे वडील, अण्णा, दिव्याच्या टेबलावर बाटल्यांतले तडे शोधायचे. त्यांचे एकावन्न झाले होते.

त्या रविवारी त्यांच्या छातीत दुखत होतं. आई म्हणाली, "तारे काय भाजून खायचेत? दवाखान्यात चला."

अण्णा हसले. "एवढा आठवडा जाऊ दे गं. एकदा तरी स्टेजवर चढू दे मला."

बुधवारी ते त्या टेबलावरच गेले.

मॅडम, तुम्ही प्रमाणपत्र घेऊन घरी आलात. त्यावर बावन्नावा तारा स्वतःच्या हातानं चिकटवून. तुम्हाला वाटलं, आम्हाला बरं वाटेल. मी म्हणालो, "यानंच मारलं त्यांना," आणि दार लावलं. तुम्ही बराच वेळ बाहेर उभ्या होतात. आई आतून दाराकडे बघत होती, मी उघडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तक्ता उतरवला, हे मला पुढं काकांकडून कळलं. साहेबांनी विचारलं, माफ करा साहेब, "मग हजेरीचं काय?" तुम्ही म्हणालात, "माणसं राहिली तर हजेरी." मग ज्याची रजा शिल्लक, त्याच्यामागे तुम्ही हात धुऊन लागलात. लोक चेष्टेनं 'घरी-जा मॅडम' म्हणायला लागले. बढती हुकली, तरी तुम्ही सोडलं नाही.

गेल्या महिन्यात इथं गोदामात मला ताप भरला. मुकादम म्हणाला, "सुट्टी घेतलीस तर हजेरीचं बक्षीस गेलं." मी घेतली. खोलीत पडून होतो आणि पहिल्यांदाच अण्णांचा राग आला. का नाही थांबले? चार वर्षं तुमच्यावर रागावणं सोपं होतं, मॅडम. गेलेल्या बापावर पोरानं कसं रागवायचं?

तक्ता चुकलाच. पण दार लावलं, ते माझं चुकलं. तेवढं तुमच्या डोक्यावरून उतरवा आणि मग घरी जा.

मला इथं बोलू दिलंत, उपकार झाले. जीभ घसरली असेल तिथं अडाण्याचं लिहिणं म्हणून पोटात घाला. काका, मॅडमच्या भेटवस्तूची वर्गणी माणशी दोनशे आहे ना? यादीत अण्णांचं नाव माझ्या वर लिहा. चारशे रुपये पाठवतोय.