उतारावरची खडी

सायकलच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

“खोल खाचांचे टायर द्या. टेकडीच्या उतारावर सगळी सुटी खडी आहे.”

“गुळगुळीतच राहू द्या हो. ही आता फक्त रस्त्यावर चालवणार.”

“असं कोण म्हणालं?”

“डॉक्टर.”

“डॉक्टर म्हणाले, महिनाभर विश्रांती घ्या. रस्त्याचं तुम्ही घुसडलंत.”

“अगं, पडलीस ना पण?”

“पडणारच. मला न विचारता गुळगुळीत टायर कोणी बसवले?”

“तू टेकडीवर जाऊ नयेस म्हणून बसवले.”

“मग, गेले की नाही?”

“ताई, हे काढलेले गुळगुळीत टायर काय करू?” दुकानदाराने विचारलं.

“यांच्या सायकलला लावा. यांना खालीच थांबायचंय.”