सोनाआत्यांचा शुक्रवार

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, माझ्या बोर्डिंगच्या मुलींनो, आणि नदी ओलांडून आलेल्या पाहुण्यांनो,

तुम्ही एवढे सगळे आलात. मुलींना बसायला जागा उरली नाही, त्या दारात उभ्या आहेत. सोनाआत्यांनी हे पाहिलं असतं तर पदर खोचून आधी हेच विचारलं असतं, की एवढ्यांच्या भाकरी थापायच्या कुणी? मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. वर्गात मी दिवसभर बोलते, त्याची सवय आहे. पण जे सांगायचं आहे त्यात माझी एक चूक आहे, आणि ती गाळून आत्यांविषयी मला बोलताच येत नाही. म्हणून सावकाश बोलते. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

आत्या आपल्या बोर्डिंगच्या स्वयंपाकीण. राहुरीकडच्या रस्त्यानं येणाऱ्याला आधी त्यांच्या चुलीचा धूर दिसायचा आणि मग शाळा. त्यांचे यजमान मिशनच्या दवाखान्यात गाडीवान होते. दोघांनी मिळून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर वर्षभरातच यजमान तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. सासरचं दार बंद झालं होतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. आत्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आल्या, आणि इथल्याच झाल्या. मुलींच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या. सगळ्यांच्या त्या आत्याच.

मी इथं अधीक्षिका म्हणून आले तेव्हा लढाई चालू होती. रेशनची ज्वारी, तीही किडकी. मी पंचविशीतली, नवी, आणि शिस्तीची फार हौस. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की जेवण, घंटा झाली की अभ्यास. प्रार्थनेच्या घंटेला मी डोळे मिटायचे खरे, पण मिटल्या डोळ्यांपुढे कामांची यादीच चालायची. कोणाची पुस्तकं आली नाहीत, कोणत्या खोलीचं छप्पर गळतं. आमेन म्हटलं की मी उठलेली. खरं सांगते, त्या वर्षांत मी देवाशी धड दोन शब्द बोलले नव्हते.

आणि आत्या? त्या चुलीपाशी सारख्या पुटपुटत असायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाची खोड आहे. एक दिवस जवळ जाऊन ऐकलं. भाकरी तव्यावर टाकली की त्या एका मुलीचं नाव घ्यायच्या. भाकरी फुगेपर्यंत तिच्यासाठी मागायच्या. हिचा खोकला जाऊ दे. हिच्या बापाचं कामाचं बघ. हिला हिशेबाची गणितं येऊ देत, बाई लई रागावत्यात. भाकरी उतरली की पुढची भाकरी, पुढची मुलगी. साठ मुली होत्या तेव्हा. मी हसले आणि निघून गेले. मला काम होतं.

आता त्या शुक्रवारांकडे येते.

दर शुक्रवारी आत्यांचा उपास असायचा. दुपारी मुलींना वाढायच्या, भांडी विसळायला मुलींना बसवायच्या, आणि स्वतः न जेवता कुठंतरी जायच्या. तीनच्या सुमारास परत यायच्या. पाय धुळीनं भरलेले, ओठ सुकलेले. कुठं जाता हे कोणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. एका शुक्रवारी परत येताना विहिरीपाशी त्यांना भोवळ आली आणि त्या काठावर बसून राहिल्या. मुली धावत मला सांगायला आल्या. मी गेले, पाणी दिलं, आणि तिथंच हुकूम केला. आजपासून उपास बंद, आणि कामाच्या दिवशी दुपारचं बाहेर जाणंही बंद. तुम्ही आजारी पडलात तर साठ मुलींचं कोण बघणार, असंही बोलले.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, बाई."

एवढंच. भांडल्या नाहीत, कारण सांगितलं नाही. आणि बंधुभगिनींनो, मीही विचारलं नाही. माझी चूक म्हणते ती हीच. बंदी घालायला मला वेळ होता, विचारायला नव्हता.

दोन शुक्रवार गेले. आत्या जेवत होत्या, काम करत होत्या. फक्त दुपार झाली की मागच्या दारात उभ्या राहून नदीकडे बघायच्या. मला वाटलं, लागली शिस्त.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी बोर्डिंगच्या फाटकापाशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, लुगड्याचा काठ ओला. नदी उतरून आली होती. आत यायला सांगितलं तर येईना. मी बाहेर गेले.

ती म्हणाली, "हितं सोना म्हनून कोन हाय का? जिती हाय न्हवं?"

मी म्हटलं, आहेत, चांगल्या आहेत, पण आपण कोण?

"मी तिची पाठची भैन," ती म्हणाली. "दोन शुक्रवार झाले, झाडाखाली आली न्हाई. जीव राहीना."

मला काही उमगेना. कसलं झाड? आत्यांना तर कोणीच नव्हतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी एका मुलीला आत पाठवलं. आत्या आल्या, दोन्ही हातांना पीठ. फाटकाच्या आत त्या, बाहेर त्यांची बहीण. कोणी कोणाला हात लावला नाही. शेवटी बहीणच बोलली, "वाळलीस गं." आणि तोंडावर पदर घेऊन आल्या वाटेनं परत निघाली. ती नदीच्या उताराआड दिसेनाशी होईपर्यंत आत्या पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या.

त्या दिवशी मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पहिल्यांदाच बसले. आणि आत्यांनी मला सांगितलं.

धर्म बदलला तेव्हा चंद्रभागाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बहिणीच्या सासरहून निरोप आला, की आता या बाईचा आणि आपल्या घराचा संबंध नाही. भावकीचा धाक होता. त्या घराला मी नावं ठेवत नाही. ज्या मोठ्यांनी हे ठरवलं ते आज या जगात नाहीत. आत्या विधवा झाल्यावर एकदा न राहवून नदीपलीकडच्या त्या वस्तीवर गेल्या, तर नेमकी जेवणाची वेळ. चंद्रभागाबाईंनी पदराआड भाकरी लपवून बाहेर आणली. घरातल्या थोरल्यांनी ती पाहिली. भाकरी कुत्र्याला गेली, आणि चंद्रभागाबाईंशी घरात आठवडाभर कोणी बोललं नाही.

आत्या म्हणाल्या, "तवापासनं मी उपाशीच जाती, बाई. तिनं वाढावं तर घरचे बोलनार, न वाढावं तर तिचं काळीज तुटनार. मला उपासच हाय म्हनल्यावर तिच्यावर ते संकट न्हाई."

मी विचारलं, मग त्या बाहेर येतात का? आत्या म्हणाल्या, नाही. पण आली तर?

अठरा वर्षं, बंधुभगिनींनो. दर शुक्रवारी वस्तीबाहेरच्या लिंबाखाली तासभर बसायचं, त्या घराकडे तोंड करून. आतल्या हाकांवरून भाचरांची नावं कळली, तसतशी ती प्रार्थनेत आली. म्हशीचं नावसुद्धा आलं. नदीला पाणी असलं तर अलीकडच्या काठावर बसायचं, पलीकडून दिसेल असं. मी शुक्रवारच का असं विचारलं, तर म्हणाल्या, प्रभूनं त्या दिवशी आपल्यासाठी सोसलं, तर आपण एक जेवण सोडायला काय झालं. ही एवढीच त्यांची धर्मविद्या. आणि मी तिच्यावर घंटा वाजवून बंदी घातली होती.

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती लगेच दिली, आणि मला कांदे निवडायला दिले.

पुढच्या शुक्रवारी मी दुपारचं जेवले नाही. आत्यांबरोबर निघाले. ती दुपार माझ्या मनात अजून जशीच्या तशी आहे, पण खरी घडलेली वाटत नाही. फाल्गुनातलं ऊन. मुळा नदीच्या पात्रात पांढरी वाळू, आणि वाळूत कलिंगडांचे वेल, जिथवर नजर जाईल तिथवर. पाणी घोट्याएवढं, इतकं नितळ की आपलीच पावलं दुसऱ्या कोणाची वाटावीत. आत्या पुढं, मी मागं. रिकाम्या पोटानं अंग हलकं झालं होतं, कानात होला पक्ष्यांचं घुमणं होतं, आणि चालता चालता मला वाटलं की आपण कुठंच जात नाही, नदीच हळूहळू मागं सरकते आहे. कामांची यादी डोक्यातून कधी गेली कळलंच नाही. झाडाखाली बसलो. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्या दिवशी काहीच नव्हतं. नुसता उजेड होता. आणि त्या उजेडात मी कितीतरी वर्षांनी देवाला म्हटलं, मी आले आहे.

डोळे उघडले तेव्हा चंद्रभागाबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात ज्वारी. त्या पाखडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. त्यांचे मालक गोठ्यातून आले, आम्हाला पाहिलं, क्षणभर थांबले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. त्या दिवसापासून आत्या झाडाखाली आणि चंद्रभागाबाई उंबऱ्यावर. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी त्याही झाडाखाली येऊन बसू लागल्या. कोणी जेवत नव्हतं, कोणी कोणाला वाढत नव्हतं. फक्त दोघी बहिणी शेजारी बसायच्या. मी जमेल तेव्हा जायचे आणि जरा दूर बसायचे.

परतताना एकदा मी आत्यांना म्हटलं, तुम्हाला हे जमतं, मला प्रार्थनेला वेळच मिळत नाही. त्या म्हणाल्या, "जेवायला मिळतो न्हवं? तितनंच घ्यायचा."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपण उपास म्हणजे पोटाला चिमटा घेणं समजतो. आत्यांच्या उपासात पोटाची गोष्टच फारशी नव्हती. जेवणाचा तास मोकळा झाला, तो त्यांनी कोणाला तरी दिला. चुलीपुढचा वेळही मोकळाच होता, तोही त्यांनी दिला. आपण इथं बसलेले शिक्षक आहोत, शेतकरी आहोत, दवाखान्यात काम करणारे आहोत. आपल्यातला कोण त्यांच्याइतका राबला? आणि त्यांच्याइतका वेळ कोणाजवळ होता?

आता शेवटचं सांगते. हे सांगायला मला जड जाणार आहे.

या पावसाळ्यानंतर आत्यांनी अंथरूण धरलं. चंद्रभागाबाईंना निरोप गेला. त्या आल्या, आणि या खेपेला फाटकाबाहेर थांबल्या नाहीत. आत आल्या, आत्यांच्या उशाशी बसल्या, आणि बसल्या त्या राहिल्याच. घरी काय सांगून आल्या मला माहीत नव्हतं. मी विचारलं, आता मला विचारायची सवय लागली आहे. त्या म्हणाल्या, मालकच नदीपर्यंत सोडायला आले होते.

चार दिवस झाले. आत्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. मग शुक्रवार आला. दुपारी चंद्रभागाबाईंनी आमच्या चुलीवर ज्वारीची पेज केली, वाटीत घेतली, फुंकून निववली, आणि बोटांनी आत्यांच्या ओठांना लावली. आत्यांनी तोंड उघडलं. मी पायाशी उभी होते. आयुष्यभर पाळलेला नेम, मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, आत्या, आज शुक्रवार आहे.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीपाशी पाहिलं होतं तसंच, बराच वेळ.

"ह्याच्यासाठीच तर धरला हुता, बाई," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी पेज घेतली. तीन घोट घेतले असतील. उरलेली चंद्रभागाबाईंनी त्याच वाटीतून स्वतः संपवली. दोघींपैकी कोणी रडलं नाही. रडले ती मी. रविवारी मुलींचं पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आत्या गेल्या.

चंद्रभागाबाई समोर बसल्या आहेत. बाई, तुमची बहीण आम्ही इतकी वर्षं जेवणापुरतीच ओळखली. आम्हाला माफ करा.

मंडळी, आपण आता उभे राहू या. आत्यांसाठी मागण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांना ते मिळालं आहे. म्हणून या शांततेत प्रत्येकानं एकच करावं. ज्याच्या दारात आपण जायचं सोडून दिलं आहे, त्या एका माणसाचं नाव मनात घ्यावं. मोठ्यानं नको, घाईही नको. मुलींनो, आज घंटा होणार नाही.

सोनाआत्या, आम्हा सर्वांचा तुम्हाला सलाम.