उजवीकडची बशी

—उघडा हो त्या उबेच्या पेटीचा कप्पा, वायरमनदादा, चावत नाहीत त्या. अळ्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या. किळस येते? मलाही यायची – आता दहा वर्षं मीच पाळते, मीच सुई टोचते. कशाला म्हणजे? जंतू टोचायचे आणि बघायचं, कोण मरतं, कोण जगतं. डावीकडच्या बशीत जंतू जसेच्या तसे – दोन दिवसांत सगळ्या काळ्याठिक्कर. उजवीकडे तेच जंतू, फक्त ज्या जनुकामुळे ते घातक होतात म्हणे, ते आमच्या मॅडमनी काढून टाकलंय – आणि बघा, पाचवा दिवस, दहाच्या दहा जिवंत! मॅडम काय खूश! आज संध्याकाळची मोजणी झाली की प्रयोग संपला, जंतूंची नळी वाफेत घालून मारायची. मीच मारायची.

जंतू कुठले? पेशंटच्या रक्तातले. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण आमच्या ह्यांचं रक्त काढलं तेव्हा मी उशाशीच होते ना – नंबर पाठ झाला, दिवसभर नंबरच तर वाचते मी. तोच नंबर ह्या नळीवर. पायाला साधी जखम झाली होती हो, साधी! अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मॅडमना नाही माहीत. कळलं तर मला ह्या कामावरून काढतील. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे – घरी भिंतींशी बोलते, म्हणून असेल. तुम्ही म्हणाल, ज्यांनी नवरा नेला त्यांच्यावर कसली माया? माया कसली, चीड येते मेली! पण ह्यांच्या अंगातलं जिवंत असं तेवढंच उरलंय.

काय बघताय वायरीकडे? जळली नाहीये. उपटलीय. सकाळी मीच. पेटी पुरती गार पडली की मोजणी बाद, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून – आणखी आठवडाभर नळी फ्रीजमध्ये राहिली असती, एवढंच हो. मग चिमट्याने एकीला हात लावला. गारठत आलेली, तरी हलली. माझ्या घरच्या दुःखात तिचा काय दोष? जोडायला गेले, तर वायरीचं टोक आतच तुटलेलं – म्हणून तुम्हाला फोन केला.

लागला दिवा? सदतीस दाखवतंय? बरं. दुरुस्तीच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा, मी सही करते. नाही, थांबू नका. संध्याकाळी मोजणी झाली की नळी माझी मीच वाफेत टाकेन. जा तुम्ही. दार ओढून घ्या.