न निवडलेले फोटो

मुलगी: पण फोटोंचं ट्रान्सफर बंद केलं कुणी? सकाळी मी चालू करून गेले होते.

बाबा: मी केलं.

मुलगी: अहो बाबा, सोमवारी ती जुनी क्लाउड सेवा बंद होतेय. तिथले तुमचे फोटो एकूण एक पुसले जातील.

बाबा: माहितेय. नेतोय की मी. एकेक इथे उतरवायचा, बघायचा, मग नव्या जागी चढवायचा.

मुलगी: आणि अशा गतीने सोमवारपर्यंत शंभर तरी होतील? एका क्लाउडमधून दुसऱ्यात ते परस्पर जातं. आपल्या लॅपटॉपचं कामच नाही त्यात.

बाबा: परस्पर जातं, तेच नकोय मला. स्टुडिओ होता तेव्हा वाईट प्रिंट मी आधी फाडायचो, मगच गिऱ्हाइकाला पाकीट द्यायचो. घरचे फोटो मात्र आपोआप वर चढत गेले. निवडायचं राहूनच गेलं.

मुलगी: मग नव्या जागी गेल्यावर निवडा ना सावकाश.

बाबा: सावकाश कधी? डॉक्टर म्हणाले ते तूही ऐकलंस. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डावा वर्षभर पुरला तरी नशीब. तुझ्या हातात भिकार फोटो द्यायचे नाहीत मला.

मुलगी: आधी बोलायचंत तरी. मी आपली उगाच तणतणतेय.

बाबा: त्यात काय बोलायचं.

मुलगी: सरका बघू. काय काय उडवलंत ते तरी बघते. बाबा, ही तर सगळी आईच आहे.

बाबा: हललीय सगळ्यांत. तुझ्या आईला स्थिर बसणं जन्मात जमलं नाही. कॅमेरा धरला की फिस्सकन हसायची.

मुलगी: म्हणून घरात तिचा एकही हसरा फोटो नाही होय?

बाबा: चांगले तेवढे लावले.

मुलगी: भिंतीवरचा तो चांगला? पासपोर्टसाठी धरून बसवल्यासारखी दिसते. तशी आई मला आठवतच नाही. ती गेल्यापासून मी हीच शोधतेय, ही तोंडावर हात घेतलेली.

बाबा: फोकस गेलाय त्याचा.

मुलगी: जाऊ दे. हे अजून ट्रॅशमध्ये आहेत. पण ट्रान्सफरमध्ये ट्रॅशमधलं येत नाही. सोमवारी तेही संपेल. फोटो तुमचे आहेत, तुम्ही सांगा.

बाबा: तुला खरंच हवेत?

मुलगी: हो. मला हेच हवेत.

बाबा: मग काढ बाहेर सगळे. आणि ते तुझं परस्पर जाणारं चालू कर.

मुलगी: केलं. जाऊ देत आता सगळेच.

बाबा: तो मघाचा जरा मोठा कर. मला पुसटच दिसतोय.

मुलगी: हा घ्या. पण एवढी हसतेय कुणाकडे बघून?

बाबा: समोर मीच असायचो ना गं.