वरची कडी

— नाही हो, पाण्याचा काही प्रश्न नाही. सगळे आधी पाण्याचंच विचारतात, विचारावंच, पण पाणी भरपूर आहे. या, जपून, उंबरा जरा उंच आहे. हा दिवाणखाना. मोठा आहे ना? आत पाऊल टाकलं की लोक हेच म्हणतात — बापरे, केवढा मोठा! आम्हीही म्हटलं होतं. तेव्हा समोर नुसती काटेरी झुडपं होती, आणि आता बघा, त्या इमारतीत कुणाचे टॉवेल कुठे वाळतात ते मला इथून ओळखू येतं. वस्ती झपाट्याने वाढली. शांत मात्र आहे. दिवसा चिटपाखरू नसतं, कारण सगळे शहरात कामाला — अंधारात निघायचं, अंधारात परतायचं, आपल्या घराच्या भिंतींचा रंग कोणता ते रविवारी बघायचं. काय म्हणालात? छे हो! तसलं काही नाही. नवं घर, आम्हीच इथले पहिले. भूत यायचं तर आधी कुणी मरायला नको का? इथे कुणी मेलेलं नाही. म्हणजे — इथे नाही.

या, स्वयंपाकघर बघा. जरा हळू बोलू, शेजारच्या खोलीत सासूबाई झोपल्यात. आता लागते हो त्यांना झोप, देवाची कृपा. हा ओटा बघा केवढा लांब — दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहतील, कोपराला कोपर लागणार नाही. मुद्दाम तेवढा करून घेतला. दोघा भावांनी मिळून घेतलं ना घर, हे आणि माझे धाकटे दीर. भाऊजींचं लग्न व्हायचं होतं, बायको येणार, मुलं होणार, म्हणून एवढ्या खोल्या. आईंचा एकच हट्ट, दोन्ही मुलगे एका छपराखाली हवेत. तुमच्याकडे माणसं किती? सासू-सासरे, नणंद, दोन मुलं — अहो, मग हे घर तुमच्यासाठीच बांधलंय! आमचं काय, आम्ही तिघं. तिघांना एवढं घर अंगावर येतं. म्हणून विकायचं. दुसरं काही कारण नाही.

वरची मागची खोली? बघा की, उघडीच असते. वारा छान येतो. पलंग, कपाट हवं तर ठेवू, नको तर उचलू. चादर? हो, धुतलेलीच आहे, दर रविवारी बदलते मी. — नाही, झोपत नाही कुणी. धूळ बसते हो. वापरातल्या खोलीपेक्षा बंद खोलीत धूळ जास्त. बंद नाही, उघडीच आहे, मी काय बोलतेय! चला, खाली जाऊ.

पुढच्या दाराची ती वरची कडी ना? सगळ्यांची नजर जाते तिच्याकडे. एवढ्या वर कशी म्हणून! भाऊजींनी स्वतः ठोकली, आणि ते म्हणजे ताडमाड उंच. आपल्या हाताला येईल तिथे ठोकून मोकळे. मला चवड्यांवर उभं राहावं लागतं, आईंचा तर खांदा धरलाय, त्यांचा हात लॅचच्या वर जातच नाही. मी म्हटलं, ‘भाऊजी, घरात बायकाही राहतात.’ तर म्हणाले, ‘वहिनी, कडी शेवटी येणाऱ्यानं लावायची, आणि शेवटी मीच येणार.’ खरंच होतं ते. चौघांच्या येण्याच्या वेळा चार, म्हणून ही फळी — चार हूक, चार किल्ल्या. आत आलं की आपली किल्ली अडकवायची. चारही दिसल्या की सगळे घरात, मग लावायची वरची कडी, कारण ती लागली की बाहेरून किल्लीचा उपयोग नाही. आणि आईंची रीत अशी, की ती कडी सरकल्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय डोळ्याला डोळा नाही.

हो, आत्ता दोनच आहेत. एक यांच्याबरोबर कामावर गेलीय. चौथी — मिळाली नाही. हमरस्त्यावर, घरी येताना, भाऊजी मोटरसायकलवर होते. दवाखान्यातून घड्याळ आलं, बूट आले, डबा आला, घासलेला — कामाच्या ठिकाणी धुवून घ्यायचे ते. किल्ली तेवढी नाही. आणि त्यांना इथे आणलंच नाही हो. तिथूनच परस्पर नेलं, सगळे म्हणाले, आईंना बघवणार नाही. म्हणजे त्या दिवशी ते घरी आलेच नाहीत. आई तेच धरून बसल्या. कडी लावू देईनात. ‘एकजण यायचाय,’ म्हणायच्या. दीड वर्ष आमचं दार नुसत्या लॅचवर, आणि आई रात्रभर टक्क जाग्या. मला सहन होईना ते. मीच यांच्या मागे लागले, घर विकू या. फाटकावरची पाटीही मीच लावली.

आणि पाटी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई चहाला आल्या, चेहरा असा निवळलेला. म्हणाल्या, ‘आला हो काल. कडी लावली त्यानं.’ मी बघितलं, तर खरंच लागलेली! मला वाटलं, यांनी लावली असणार, आईला झोप लागावी म्हणून. इतकी माया वाटली मला यांची. पण बोलले नाही. रोज सकाळी कडी लागलेली, आणि मी गप्प. आज मी यांच्याआधी उठले, कडी काढायला चवड्यांवर उभी, तर हे मागून म्हणतात, ‘बरं करतेस, लावतेस ते. आईला झोप लागते.’ मी म्हटलं, ‘मी? अहो, मला वाटलं तुम्ही —’ मग आम्ही दोघं इथेच उभे, आता तुम्ही उभ्या आहात तिथे. यांनी बूट घातले आणि कामाला गेले.

तुम्हाला कशाला सांगितलं कुणास ठाऊक. सकाळपासून भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण मघाशी वर त्या पलंगाशी तुमच्याबरोबर उभी राहिले ना, तेव्हा भीती नाही वाटली. तुमचा राग आला. ‘पोरगं आत्ता कुठे घरी आलंय, आणि तुम्ही घर विकता?’ — असं आई म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना वेड्यात काढलं. आता तुम्हीच सांगा, माणूस घरात असताना —

नको, किमतीचं राहू द्या. ह्यांना काय ते मी सांगेन. तुम्हाला मिळेल हो घर, इथे रोज नवीन उभी राहतायत. या आता. आणि एवढं करा, जाताना फाटकावरची पाटी काढून तिथेच भिंतीला टेकवा. दार नुसतं ओढून घ्या. कडी? कडीची काळजी नको. लागते आमची.